टबातल्या कासवाबद्दल

मी, संगीत शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका, वय चौसष्ट वर्षे, राहणार धाकट्या भावाच्या घरी, जिन्याशेजारची खोली, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, भाऊ व भावजय असे तिघे राहतो. माझ्याकडे एक कासव आहे. ते माझ्या यजमानांनी पाळले होते. ते त्याला रावसाहेब म्हणत. यजमान गेल्यावर मी कासव घेऊन भावाकडे आले.

काही दिवसांपासून कासव खात नव्हते व त्याला शौचास होत नव्हते. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून विचारले, "पाव कोण घालतं याला?" भाऊ जेवताना घालत असे. डॉक्टरांनी पाव बंद करून पाला देण्यास व रोज कोमट पाण्यात बसवण्यास सांगितले. त्याप्रमाणे मी त्याला बाथरूममधल्या जुन्या पत्र्याच्या टबात बसवत असे. त्यावर भावजय म्हणाली, "वन्सं, लोक लेकीसुनांची बाळंतपणं करतात, तुम्ही कासवाचं करताय."

काल दुपारी कासवाला टबात ठेवून मी पाला आणायला बाजारात गेले. परत आले तेव्हा टबावर फळी व फळीवर भरलेली बादली होती. मी फळी काढली. कासवाला शौचास झाले होते. हिरवट, चिकट, पावाच्या लगद्यासारखे, पुष्कळ. वास असह्य होता. त्यावर बाटलीभर फिनेल ओतलेले होते. कासव त्यातच होते. त्याचे डोळे सुजून मिटले होते.

भावजय म्हणाली, "मला ओकारी आली हो. पाण्यातलं जनावर ते, फिनेलनं काय होतंय त्याला?" भाऊ बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. मी विचारल्यावर तो म्हणाला, "ताई, खरवडल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, थांबेल थोड्या वेळानं." बोलताना त्याने नाकाला रुमाल लावला होता.

कासव दवाखान्यात आहे. श्वास चालू आहे. जगेल की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत.

ते मरणारच होते, असे भावजयीचे म्हणणे आहे. ते खोटे आहे. त्याचे पोट साफ झाले होते. त्यातले थोडे मी पुरावा म्हणून बरणीत घालून आणले आहे. हवालदारसाहेबांनी बरणी व्हरांड्यात ठेवायला लावली.

तो टब आईच्या वेळचा आहे. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा भावाची दुपटी मी त्यातच धुतली. त्यासाठी मी शिकत होते त्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर मला लवकर सोडत. मी नाकाला काही लावले नव्हते. याचा तक्रारीशी संबंध नाही, असे मला सांगण्यात आले. तरी ते लिहून घ्यावे.

माझी तक्रार दोघांविरुद्ध आहे. भाऊ मला घरी न्यायला आला असून बाहेर बाकावर बसला आहे. मी त्याच्याबरोबर जाणार नाही. येथून दवाखान्यात जाणार आहे.

हा जबाब माझ्या विनंतीवरून दार उघडे ठेवून, मोठ्याने वाचण्यात आला. तो मी सांगितला तसाच आहे. बाकापर्यंत ऐकू गेला असेल.