बंब चार
जुने वायरलेस सेट जमा करायची रांग होती. बाबा सही आणायला गेले आणि मी त्यांच्या जागी उभी राहिले. पुढे अग्निशमन दलातले एक काका आणि रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममधल्या एक मावशी.

"आवाजावरून ओळखलं तुम्हाला," काका म्हणाले.

"मीही. तुम्ही बंब चार. मला वाटायचं, तुम्ही उंच असाल."

"अकरा वर्षं बोलतोय आपण, आणि भेट आज."

"बोलतोय कुठे? तुमचे सेट आमच्या गाड्यांना लागत नव्हते, म्हणून तुमचा निरोप मी ड्रायव्हरला सांगायचे, त्याचा तुम्हाला."

"उद्यापासून सगळे एकाच चॅनेलवर. ड्रायव्हरशी मी थेट बोलणार."

"बरंच झालं. माझ्यापायी मिनिटभर जायचं. तेवढ्यात माणूस हातचा जातो."

"आणि तुम्ही?"

"रेकॉर्ड विभागात. तिथे सेट नाही."

"एक विचारू? निरोपाच्या शेवटी 'जपून जा' असायचं. ते ड्रायव्हर सांगायचा?"

"तो कशाला सांगेल? त्याला स्वतःच्या गाडीचं पडलेलं."

"मग?"

"पुढे सरका. रांग अडलीय."

काका काही सरकले नाहीत. मलाही मुळीच घाई नव्हती.