मिठागरावरचा आकाशपाळणा

पनवेलची जत्रा तेव्हा चार दिवसांत उठायची, आणि मुंबईचा एक शेठ इथे बारमाही जत्रा वसवायला निघाला होता. आमच्या मिठागराच्या बांधावर चपला हातात धरून तो माझ्या वडिलांना म्हणाला, "आप्पा, आधी तुमचं भातशेत द्या. तिथे आकाशपाळणा लावू. जम बसला की हे मिठागरही घेऊ."

आप्पा आभाळाकडे बघत होते. "पालन्यान आमाला बसवाल?"

"पहिला मान तुमचाच."

"वरशी काय दिसंल?"

शेठही रंगला. "कर्नाळ्याचा सुळका, खाडी, आणि खाली तुमचं मीठ. चांदण्यात तर बघत राहाल."

"पन मिठागर तं तुमी घेनार. मंग वर बसून आमी बगाचा काय?"

शेठ चपला घालून गेला. आप्पा मात्र दिवस मावळेपर्यंत बांधावर बसून त्या पाळण्यातच होते.