बाबांना न पटलेला हिरो

माझ्या बाबांना कॉमिक वाचायला देऊ नका, आधीच सांगून ठेवते. मी काढलेलं पहिलंवहिलं कॉमिक छापायला देण्याआधी जेवताना मोठ्या हौसेनं त्यांना दाखवलं. बाबा इटियाडोह धरणाच्या पाण्यावर धान पिकवतात. आणि माझा हिरो शेवटच्या पानावर एका बुक्कीत धरण फोडतो, व्हिलन वाहून जातो.

बाबांनी चष्मा काढला. "यानं धरण काऊन फोडलं?"

"व्हिलनला मारायला."

"अन् उन्हाळी धानाले पाणी कोण देईल? हा?"

मी इतकी चिडले की ताटावरून उठले. पण मग वाटलं, आपल्याकडे जो वाचेल तो हेच विचारेल. बसले आणि शेवट नव्यानं काढला. आता हिरो धरणाला हातही लावत नाही. भिंतीवर समोरासमोर कुस्ती होते आणि तो डोंगराएवढा व्हिलन मरून पडतो.

बाबांनी पान बराच वेळ न्याहाळलं. "धरण वाचलं, बेस झालं. पण एवढ्या दांडग्या माणसाले मारून टाकलं?"

"बाबा, व्हिलन आहे तो!"

"असंल. इथं धानाच्या रोवणीले माणसं भेटून नाही राहिले, अन् तू मारून राहिली!"