राबाच्या धुरात टपालाचं विमान

सन्माननीय अध्यक्ष मामलेदारसाहेब, व्यासपीठावरील पाहुणेमंडळी, सत्कारमूर्ती महिपतकाका आणि शेणव्याच्या शाळेत दाटीनं बसलेल्या आयाबहिणींनो, बंधूंनो,

चार शब्द लिहून ठेव, असं मास्तरांनी मला कधीच सांगितलं होतं. आज लिहू, उद्या लिहू करत मी कसाऱ्याला गेलो, तिथं घाटाचं इंजिन जोडताना बघत बसलो... ते असो. जे खरडलंय, तेही आता नीट वाचवत नाही. आपल्या सर्वांचेच कान आभाळाकडे आहेत. टपालाचं शेवटचं विमान अजून आलेलं नाही.

आजपासून आपलं विमान उतरायचं मैदान बंद. इथं आधी काय होतं? गुरं चरायची. सन बत्तीसला माळ सपाट झाला आणि मुरबाडहून महिपतकाका राखणदार म्हणून आले. विमानाच्या वेळेला कोपऱ्यात ओला पेंढा पेटवायचा, हे त्यांचं काम. धुरावरून वैमानिकाला जागा कळते, वाराही कळतो. पण आपण पडलो भातवाले. उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर शेण-पाला पसरून राब भाजणार. मग डोंगरभर धूर; त्यातला टपालाचा कुठला? म्हणून काका आदल्या दिवशी वाडीवाडीवर जाऊन विनवायचे, "उद्या राब पेटवू नका."

वरच्या वाडीच्या सकुबाईंनी एकदा त्यांना उंबऱ्यातच अडवलं. "तुजं विमान माजं भात पिकवील काय रे?"

काका म्हणाले, "नाय गो. पन त्यात मानूस हाय."

सकुबाईंनी त्या दिवसाचा राब थांबवला, आणि काकांशी बोलणंही.

मंडळी, कालही काका निघाले होते. आपणच बसवलं. सत्कारमूर्तीनं उन्हात वणवण करायची, बरं दिसतं का? धाऊदादा म्हणाले, मी सांगून येतो. धाऊदादा, वरच्या वाडीला गेला होतात ना? काय म्हणता, मांडवाचे बांबू आणता आणता राहून गेलं?

काका, बसा. हार तरी काढू नका. "माजा मानूस वर फिरतोय," म्हणता, खरंय, पण आज तुमच्या जागी विठू मैदानावर पेंढा घेऊन बसलाय...

अध्यक्षमहाराज, पुढं आभार होते. आपण उन्हातून आलात, माझं ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलताना वाट सोडली असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि काका, आपले...

दारात कोण? वाट द्या, वाट द्या त्यांना. सकुबाई आल्यात. डोक्यावर टपालाची थैली आहे. थांबा, काकांशीच बोलतायत:

"महिपत, तुजा मानूस माज्या खाचरात पडलाय. पाय मोडलाय, पन पानी मागतोय. ऊठ, खाट घे."