बोल्टाखालचा रंग

न्हाई, रंग खरवडल्याबिगर न्हाई. किती येळा सांगू? दिवे दोन लावा, चार लावा, जीप तुमची हाय — पण अर्थिंगचा बोल्ट बसतो तितं रुपयाएवढा रंग मी काढणार, खालचं लोखंड चकचकीत दिसेस्तोवर. कालच रंगवली? मंग? मिल्ट्रीच्या लिलावातली गाडी घ्यायची, नवरीवानी नटवायची, खाणीच्या रस्त्यानं फिरवायची आन वर ओरखडा नको म्हणायचं. अवो, बॅटरीतनं निघालेला करंट दिव्यातनं गाडीच्या लोखंडावरनंच माघारी जातो ना? मधी रंग आला की वाट बंद. एवढं पटत नसंल तर भोसरीच्या स्टँडजवळ दुसरं दुकान हाय, त्यो लावंल रंगावर. जावा की तिकडं.

हसताय काय? अण्णासाहेब बी असाच हसला होता. दिघीकडचा खाणीचा कंत्राटदार, नवी हिरवीगार जीप. रंगाला धक्का लावलास तर गाठ माझ्याशी, म्हणाला — आन मी त्येच्या दोन जादा दिव्यांचा बोल्ट गप रंगावरच आवळला. मला कळत न्हवतं असं न्हाई. पण दुकान नवीन, कंपन्यांतली समदी कंत्राटदार मंडळी त्येच्या उठण्याबसण्यातली. वर मूळच्या दोन हेडलाइटच्या अर्थिंगच्या वायरी बी त्याच बोल्टाला आणून बांधल्या, नीटनेटकं दिसावं म्हणून. बटन दाबलं, चारी दिवे लागले. लागणारच — बोल्टाच्या आट्यांनी जरासं लोखंड धरलेलं असतं. पण खाणीच्या खड्ड्यांत ते किती टिकणार? वीस दिवस टिकलं.

मंग काय, अंधार पडता पडता उतारावर चारी दिवे एकदम गेले. ज्ञानदेव ड्रायव्हर होता, पिंपळे गुरवचा — त्येचा पाय मोडला. शेजारी खाणीवरचा कोंडाजी बसलेला, त्यो जागच्या जागी गेला. ज्ञानदेव सांगत राहिला, दिवे गेले हो, दिवे गेले. कोण ऐकतंय? जीप कुशीवर पडलेली, पुढच्या दिव्यांची एक बी काच तडकली न्हवती, आन दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला हवालदारानं बटन दाबलं तर दिवे लख्ख. डबल शिफ्ट केलीस, झोप लागली, असं लिहून मोकळे झाले. का लागले दिवे? बोल्टाखाली रंग न्हवता म्हणून लागले. न्हवता म्हंजे — सकाळी सहाला होता. पोलीस यायच्या आधी मीच पॉलिश पेपर घिऊन—

त्यो पाना खाली ठेवा. ठेवा म्हणतो ना. असं काय बघताय? बायकोचे दिवस भरत आलेले माज्या, मला आत टाकलं असतं तर कुणी बघितलं असतं तिच्याकडं? तुमी बघितलं असतं? मोठे आलेत.

आन ज्ञानदेव काय मेला न्हाई. हिंडतोय. दर रविवारी लंगडत तानुबाईकडं जातो, कोंडाजीच्या आईकडं, तिचं पाणी भरून देतो. ह्याच रस्त्यानं. आधी विचारायचा मला — तूच लावलेले ना रं दिवे, कशानं गेले असतील? मी म्हणायचो, आठव नीट. दोन वर्सं हेच म्हणालो, आठव नीट. मागल्या रविवारी हितं ह्या टायरवर बसला आन आपणहून म्हणाला, डोळाच लागला असंल माजा. कोंडाजीला मीच मारला. तुझं बरोबर होतं. च्या घेतला, गेला.

काय म्हणता? खरवडा? आत्ता म्हणताय व्हय खरवडा? ऱ्हाऊ द्या. तुमच्या गाडीला मी हात लावत न्हाई. घ्या तुमचे दिवे, घ्या ती वायर, उचला. आन हितलं काय बी बाहेर बोलला तर मी म्हणीन, ह्या माणसाला मी कधी बघितला न्हाई. मला खोटं बोलायची सवय हाय.

गाडी काढा आधी. आज रविवार हाय, त्यो एवढ्यात येईल.