भिंतींवरची घोंगडी

तुम्हा आजच्या शिक्षकांना वर्गात माइक मिळतो, म्हणून हे सांगतो. एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत मी सांगलीत हळदीच्या रिकाम्या गोदामात प्रौढांना लिहायला शिकवायचो. वर पत्रा, उघड्या दगडी भिंती. तोंड उघडलं की सगळं गोदाम घुमायचं. शेवटी बसणारे धोंडीबाआप्पा मेंढपाळ. रोज मान डोलवायचे, पण पाटी कोरीच. त्यांचं नाव पटावरून काढायचं मी ठरवलंच होतं.

एकदा आप्पांनी बाजारात विकायची घोंगडी आणली आणि मळतील म्हणून भिंतींवर टांगली. घुमणं थांबलं. मी शिकवायला लागलो, तसे आप्पा दचकले.

"आवं मास्तर, तुमी मराठी बोलतासा व्हय? मला वाटलं, कानडी हाय."

"मग रोज मान कशाला डोलवत होता?"

"तुमी येवढं जीव तोडून सांगत हुतासा. कुनीतरी व्हय म्हनाय नको?"