मांगं बसते ना तो!

...नाई, पन मले एक सांगा, अठ्ठावीस वर्साचा धडधाकट माणूस, अन् त्याचा एक फोटो नाई? एक! आजकाल लोक वांग्याच्या भाजीचा फोटो काढतात, बकरी व्याली तं तिचा काढतात, आमच्या आसेगावात टमरेल घेऊन चाललेल्या माणसाचा फोटो निघते अन् ग्रुपवर पडते, अन् माह्या भावाचा फोटो नाई! प्रसेनजितचा! दगडफोड बँडचा ड्रमवाला, वाशीमपासून अकोल्यापर्यंत पोरं ज्याच्या नावानं टेबलं बडवतात, त्याचा फोटो नाई! अन् काहून नाई? तं मांगं बसते ना तो!

बसे. आता 'बसे' म्हनाव लागते. पंधरा दिवस झाले त्याले जाऊन, जिभेले अजून सवय नाई.

डेंगू झालता, तुमाले सांगतो. तीन दिवस ताप, चवथ्या दिवशी अकोला, पाचव्या दिवशी... जाऊ द्या. आता मच्छराची अक्कल पाहा. स्टेजवर पाच जनं. समोर गाणारा शिवम, दोन बाजूले दोन गिटारवाले, एक पेटीवाला, सगळे लाईटीत न्हाऊन निघालेले, अन् मच्छराले दिसला कोन? मांगं बसलेला! अख्ख्या जिल्ह्यात माह्या भावाले नीट कोनी पाह्यलं असन तं त्या एका मच्छरानं.

बाबा आमचे, माणिकराव, जास्त बोलत नाईत. दादा गेल्यावर चवथ्या दिवशी मले जवळ बोलावलं अन् म्हने, "राजू, इतवारी विहारासमोर पुण्यानुमोदन हाये. चौकात फलक लागला पायजे. मोठा. पोराचं तोंड दिसलं पायजे." बस, एवढंच. मी म्हनलं, हाव, त्यात काय! आठवी नापास असलो तरी फ्लेक्स लावाची अक्कल हाये मले. पंक्चरच्या दुकानात काम करतो, आमदाराच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या सावलीत तं बसतो दिवसभर!

दादाचा फोन उघडला. चौदाशे फोटो! मी म्हनलं, झालं काम. अन् पाह्यतो तं काय... मायचा फोटो. बाबा बाजीवर झोपले, त्याइचा फोटो. माह्या नाकाले ग्रीस लागलं, त्याचा फोटो. आमची मावसबहीन वर्षाराणी, तिच्या लग्नाचे दोनशे फोटो. त्यात नवरदेवाचा काका हाये, मांडववाला हाये, घोडी हाये, घोडीचा मालक हाये, दादा नाई! कसा असन? घरात चांगला कॅमेरा त्याच्याच फोनमंदी, काढनारा तोच! अन् बाकीचे हजार फोटो कायचे? ड्रमच्या कातड्याचे! एक कातडं वरून. तेच कातडं बाजूनं. मंग दुसरं कातडं.

आधार कार्ड काढलं. आता आधारवरचा फोटो तुमाले माहीत हाये, त्यात चांगला जिता माणूस कालकथित दिसते. बाबांनं पाह्यलं अन् म्हने, "हा आपला नाई." दहावीचा फोटो सापडला, तं त्यात तो हुबेहूब मी! तो लावला असता तं अर्ध्या गावानं मलेच आदरांजली वाहली असती, अन् उरलेल्या अर्ध्यानं पंक्चर काढाले दुसरं दुकान धरलं असतं.

मंग मले आठवलं, चाहते! बावा, चाहते किती हायेत! बँडचं नाव दगडफोड, तं चाहत्याइच्या ग्रुपचं नाव 'दगड'. दोनशे बारा दगड त्या ग्रुपवर. राक म्हंजे दगड ना, अन् आमचा आजा रोडवर गिट्टी फोडे, म्हनून दादानंच ठेवलं ते नाव. नाव ठेवलं यानं, पेपरात काय आलं? 'गायक शिवम यांचा दगडफोड!' मी दादाले म्हनलं, "तुहं नाव कुठी हाये बे?" तं हसून म्हने, "मांगच्या पानावर असन."

तं मी ग्रुपवर बोलून टाकलं, "मी राजू, प्रसेनजितचा भाऊ. तोंड दिसन असा फोटो पाठवा." अर्ध्या घंट्यात दोनशे चाळीस फोटो! शिवम माईक घेऊन. शिवम माईक वर फेकून. शिवम केस उडवताना. अन् शिवमच्या मांगं काय? एक पितळी थाळी, म्हंजे ते झांजेसारखं उभं असते ना, ते, अन् थाळीच्या मांगून निघालेले दोन हात! एका फोटोत नुसतं कोपर. एका फोटोत नुसता पाय, तोही बिनचपलेचा. तो पाय मी वळखला, अंगठ्याचं नख काळं होतं, माह्याच हातून पाना पडलता त्याच्यावर. पन पायाचा फोटो चौकात लावता येते का? सगळ्याइचं उत्तर एकच, "दादा, फोटो काढाले जागाच नसे, मांगं बसते ना तो!"

अन् फोटो नाई तं नाई, मंग तारीफ सुरू! एक वैष्णवी म्हनून पोरगी, वाशीमले इंजिनीअरिंग शिकते, तिचा फोन. "दादा, सगळे शिवमचं नाव घेतात, पण आम्ही चार मैत्रिणी फक्त ड्रम ऐकायला यायचो. त्यांच्या घोस्ट नोट्स म्हणजे... काय सांगू तुम्हाला!" मी म्हनलं, बाई, घोस्ट म्हंजे भूत ना? माहा भाऊ विहारात वंदना घेनारा, भूतखेत मानत नव्हता तो! तं ते म्हने, "तसं नाही हो दादा. डाव्या हातानं इतकं हळू वाजवायचं की कानाला वेगळं कळत नाही. पण ते नसलं ना, की सगळं रिकामं वाटतं."

...हाव बाई. समजलं मले.

मंग शिरपूरच्या गोमतीबाई. मंदिराच्या रस्त्यावर चहाची टपरी हाये त्याइची, वय असन पासष्ट. त्या म्हने, "बाप्पू, मले त्याइचं गानं काई समजत नाई, तो लांब केसाचा काहून कोकलते देव जाने. पन मांगचा पोरगा वाजवाले बसला का माहा गुडघा दुखाचा थांबे. दोन डाक्टर झाले, तिसरा तो." मी म्हनलं, "फोटो हाये का माय?" तं म्हने, "फोटो कायले पायजे? गुडघा हाये ना!"

रिसोडचा एक पोरगा सांगून राह्यला, तिथं कार्यक्रमात लाईट गेली. माईक बंद, गिटार बंद, शिवम मुका! पब्लिक उठाले लागली. तं अंधारात यानं एकट्यानं वाजवलं, अठरा मिनिटं! आंधी जयंतीतला ढोलकीचा ठेका, ठेक्यातून वरातीचा ताशा, ताशातून सोयाबीनचं मळणीयंत्र! हुबेहूब! फट फट फट, मंग पट्टा सटकला, मंग मालकानं शिव्या देल्या, सगळं दोन काड्याइवर! लोक हसले, नाचले, एकही माणूस घरी गेला नाई. अन् लाईट आली तवा हे टाळ्या पडल्या... कोनासाठी? शिवमसाठी! समोर तोच उभा होता ना! अकोल्याच्या स्पर्धेत बक्षिसं देली, उत्कृष्ट गायक शिवम, उत्कृष्ट गिटार कोनीतरी, अन् दादाले? 'उत्कृष्ट सहकार्य'! जसं का यानं खुर्च्या लावल्या! अन् नाव टाकलं प्रसन्नजीत.

सगळे सांगत होते अन् मी हाव हाव करत होतो. पन एक गोष्ट मी कोनाले सांगितली नाई. तुमाले सांगतो, कोनाले बोलू नका. मी माह्या भावाले आयकलाच नाई.

घरी आयकला ना! घरी तं तो गंजावर वाजवे, पिठाच्या डब्यावर वाजवे, मी पालथा झोपलो का माह्या पाठीवर वाजवे, अन् मी बोंबलो, "बंद कर बे! डोक्स उठवलं!" पन स्टेजवर? एकदा गेलतो. मंगरूळले. दहा मिनिटं मान उंच करून पाह्यलं, तो काई दिसला नाई, मंग मी पानीपुरी खाल्ली अन् घरी आलो. तो आल्यावर म्हनलं, "मले तं तू दिसलाच नाई." तं म्हने, "अबे येड्या, मी दिसाले बसतो का? आयकाले यायचं असते." मी म्हनलं, पुढच्या टायमाले येईन.

आता दोनशे बारा दगडाइनं आयकला, एका बाईच्या गुडघ्यानं आयकला, मी नाई आयकला.

बरं, फ्लेक्स. मंगरूळले गेलो, फुलचंदच्या दुकानात. हा फुलचंद नवीनच बसला, काका तीर्थाले गेले म्हनून. मी मजकूर सांगितला, "लिही, कालकथित प्रसेनजित माणिकराव." फुलचंद म्हने, "काल कथित? भाऊ, तुमी तं म्हनलं वारून पाच दिवस झाले." मी म्हनलं, "हाव." तं म्हने, "मंग काल कसं? परवाकथितही बसत नाई यात." अबे! मी म्हनलं, आमच्यात कैलासवासी लिहीत नाईत, कालकथित लिहितात, एक शब्द हाये तो, एकत्र लिही! तं त्यानं लिहिलं, अन् म्हने, "फोटो?" मी म्हनलं, "फोटोचं सांगतो. हे दोनशे चाळीस तुह्या फोनवर टाकतो, दगडफोड बँडवाल्याचा कोनताही एक बरा पाहून टाक, तोंड दिसलं पायजे." अन् मी निघालो. चूक कोनाची? माही! मले वाटलं, मशीन मोठं हाये, थाळी बाजूले सरकवत असन!

इतवारी सकाळी पोराइनं चौकात फ्लेक्स चढवला. दहा बाय आठ. वर बुद्ध, बाबासाहेब, खाली दोन बाजूले दिवे, मधात 'कालकथित प्रसेनजित माणिकराव', भावपूर्ण आदरांजली, अन् त्याच्या वर, फुलाइच्या गोलात, केस उडवून राह्यला... शिवम!

जिता शिवम! मी फुलचंदले फोन लावला, "अबे हा कोन टाकला?" तं म्हने, "भाऊ, तुमीच म्हनलं तोंड दिसलं पायजे. दोनशे चाळीस फोटोत एकच तोंड होतं!" मी म्हनलं, "अबे ज्याचा फलक हाये तो कुठी हाये?" म्हने, "मले काय माहीत, कुठी असन?" मी म्हनलं, "मांगं बसते ना तो!" अन् फोन कापला.

तेवढ्यात वाशीमहून शिवम गाडीवर आला. चौकात गाडी थांबवली, हेल्मेट काढलं. सोनीबाई नळावरून येत होत्या, त्याइनं आंधी फलक पाह्यला, मंग शिवमले पाह्यलं, अन् पान्याच्या गुंडासकट खाली बसल्या. "अवं माय वं! मेलेला गाडी चालवून राह्यला!" पोरं हसाले लागली, कोनी म्हने, "शिवमभाऊ, पेट्रोल कुठी भरलं?" अन् शिवम वर पाहत उभा. मले वाटलं, आता हा भडकते. तं तो हळूच मले म्हने, "राजू, मी गानं विसरलो का दादा काडीनं थाळीवर टिचकी मारे. मी वळून पाहो. तो वाजवता वाजवता ओठ हलवून शब्द सांगे. पब्लिकले वाटे मी नाचून राह्यलो. पाच वर्स त्याचं तोंड मीच पाह्यलं ना बे... अन् मी एक फोटो काढला नाई." अन् आपल्याच आदरांजलीखाली बसून पोरगा ढसाढसा रडला. मले तं त्याले मारायचं होतं. पन त्याच्याजवळ तं तोंड होतं पाच वर्साचं, माह्याजवळ पानीपुरी.

मंग फ्लेक्स उतरवला. फुलचंदनं दोन घंट्यात दुसरा छापला. त्यावर तोच फोटो घेतला, थाळीवाला, शिवम कापून टाकला. राह्यली थाळी, अन् दोन हात. बाबाले हात धरून चौकात आनलं. बाबांनं वर पाह्यलं. मले वाटलं, म्हनतीन, तोंड कुठी हाये? तं बाबा म्हने, "हात त्याचेच हायेत. चाल."

पुण्यानुमोदन झालं. दगड आले होते, पन्नासेक, गोमतीबाई आल्या, वैष्णवी आली. त्रिशरण झालं, पंचशील झालं, जेवनं झाली, सगळे रडले, सगळ्याइनं मले सांगितलं तो किती मोठा होता, अन् सगळे आपापल्या घरी गेले. घरी माय, बाबा अन् मी. पिठाचा डबा हाये, त्याच्यावर कोनी काई वाजवत नाई. मी पालथाच झोपतो.

फ्लेक्स चौकातच हाये. पन आता तोंड नाई, नुसता ड्रम अन् हात, अन् लोक काई वाचतात का? चित्र पाहतात, अन् खाली फुलचंदनं 'यावं ही विनंती'च्या मांगं माहा नंबर टाकला, तो पाहतात. काल दुपारी फोन आला.

"हॅलो, ड्रमवाले का? आसेगावच्या चौकात बोर्ड पाह्यला तुमचा. एकवीस तारखेले लग्न हाये पोरीचं. रिकामे हायेत का?"

आता काय सांगाव मानसानं? मी म्हनलं, "वाजवनारा माहा भाऊ हाये."

"चांगला वाजवते का?"

मी म्हनलं, "आपल्यानं नाई सांगता येत बावा. पन ज्याइनं आयकला ते म्हनतात, त्याच्यासारखा नाई."

"मंग इचारून सांगजा लवकर. नाई तं आमाले दुसरा पाहाव लागन."

मी म्हनलं, "पाहा ना भाऊ दुसरा. अन् भेटला, तं मलेही सांगजा."